इंडी रॉक ऐकू लागलेल्यांसाठी

'इंडी' हा शब्द मुळात चालीचा नसून व्यवहाराचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या छोट्या लेबलांनी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी, काढलेले संगीत, एवढाच त्याचा मूळ अर्थ होता. त्यामुळे एखादा बँड 'खरा इंडी' आहे की नाही, या वादात नवख्याने वेळ घालवू नये. मीही त्यात बरीच वर्षे वाया घालवली आहेत.

ऐकताना कालक्रम पाळल्यास बरेच काही उलगडते. 'पिक्सीज' या बँडचा १९८९ चा 'डूलिटल' हा अल्बम आधी ऐकून मग 'निर्वाणा'चा १९९१ चा 'नेव्हरमाइंड' ऐकलात, तर कडव्यात दबलेला आवाज आणि ध्रुवपदात अचानक उसळणारी गिटार ही युक्ती कोठून आली ते कानांनाच कळेल. 'निर्वाणा'चा गायक कर्ट कोबेन याने हे ऋण स्वतः मान्य केले होते. माझ्या मते या दोहोंत 'डूलिटल' अधिक धीट आहे, जरी बहुतेकांना ते पटत नाही.

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचा 'लव्हलेस' हा अल्बम मात्र पहिल्याच फेरीत आवडेल अशी अपेक्षा ठेवू नका. गिटारचा ट्रेमोलो दांडा (तारांचा ताण बदलून स्वर खालीवर करणारा) धरूनच तारा छेडल्यामुळे त्यातील स्वर सतत डळमळतात, गायन त्या गोंगाटात जाणूनबुजून बुडवलेले आहे, आणि हे सारे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर निव्वळ खरखर वाटते. चांगले हेडफोन लावून तो सलग तीनदा ऐका आणि त्यानंतरही नावडला, तर तसे बेधडक सांगा.