शुइनार्ड इक्विपमेंट ही प्रस्तरारोहणाचं साहित्य बनवणारी कंपनी एवढी मोठी होऊन बुडाली कशी?

माल खराब होता म्हणून नाही, कोर्टकचेऱ्यांमुळे. तिचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड १९५७ पासून पिटॉन (कातळाच्या भेगेत हातोडीने ठोकायची लोखंडी मेख) स्वतः घडवून गाडीच्या डिकीतून विकायचे. १९७० पर्यंत कंपनी अमेरिकेत या धंद्यात अव्वल झाली. पण पिटॉन ठोकून-उपटून कातळाच्या भेगा फुटताना दिसल्यावर त्यांनी १९७२ मध्ये स्वतःचा मुख्य माल मागे सारून, हातोडीशिवाय भेगेत हाताने बसवायचे आणि सहज काढायचे धातूचे तुकडे, म्हणजे चॉक, पुढे आणले. आमच्याकडे अंतूर किल्ल्याच्या कातळाखाली उभं राहिलं की या निर्णयाचं मोल फार जाणवतं.

पुढे धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही म्हणून अपघातांचे दावे लागले, विमा परवडेना, १९८९ मध्ये दिवाळखोरी. कर्मचाऱ्यांनीच ती विकत घेऊन 'ब्लॅक डायमंड' उभी केली. शुइनार्ड यांचीच कपड्यांची कंपनी पॅटागोनिया वेगळी असल्याने वाचली.