उडीची उंची कर्जाच्या हप्त्याने ठरू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा शो जंपिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेचा घोडा सहा वर्षांचा आहे आणि 1.20 मीटर उंचीच्या अडथळ्यांचे कोर्स बहुतेक वेळा बिनचूक पार करतो. याच मोसमात त्याला 1.30 वर न्या, 1.35 चे दोन-तीन चांगले निकाल लागले की किंमत बरीच चढेल, असं ट्रेनर म्हणतात. त्यासाठी तुम्ही तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढणार आहात. आणि एक खरेदीदार आजच बऱ्यापैकी किंमत द्यायला तयार आहे.

वर जरूर न्या. पण कर्ज काढून नको, आणि याच मोसमात नेलाच पाहिजे असा हट्टही नको.

घोडा 1.20 वर उडो की 1.40 वर, चारा, नाल आणि मोतद्दाराचा पगार साधारण तेवढाच राहतो. वाढतात त्या प्रवेश फी, लांबची वाहतूक, शोच्या ठिकाणचं तबेल्याचं भाडं आणि रायडरची फी. घोडा पहिल्याच फेरीत अडला तरी यातलं काही परत मिळत नाही. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमांत अडथळ्याची दांडी पडली की चार पेनल्टी गुण, घोड्याने उडी नाकारली तर पहिल्या नकाराला चार आणि दुसऱ्या नकाराला थेट बाद. त्यामुळे बक्षिसाची रक्कम हिशेबात शून्यच धरा.

तुमच्या पत्रातल्या आकड्यांपेक्षा एका वाक्यावर माझी नजर अडली. कोर्सच्या शेवटी, कॉम्बिनेशनच्या (लागोपाठ येणाऱ्या दोन-तीन अडथळ्यांच्या) दुसऱ्या अडथळ्यावर मागचे पाय लागून दांडी हलते, पण पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. निकालपत्रात हे दिसत नाही. पण घोडा तिथे दमत असेल, तर आणखी दहा सेंटिमीटर चढवल्यावर तीच दांडी खाली येईल. तो का दमतो, हे मी नाही सांगू शकत, पशुवैद्याला विचारा. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते, आणि स्नायूंच्या मानाने स्नायुबंध सावकाश बळकट होतात. स्नायुबंधाची मोठी दुखापत झाली, तर नऊ महिने ते वर्षभर घोडा स्पर्धेबाहेर जाऊ शकतो. त्या काळात चाराही चालू आणि हप्ताही चालू. मग हप्त्याच्या चिंतेने अर्धवट बरा झालेला घोडा मैदानात उतरवला जातो. मला भीती आहे ती याची.

घाई कशाची, तेही पाहा. पाच, सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांसाठी वेगळे वर्ग असतात, बेल्जियममधल्या लानाकेनला त्यांचं जागतिक अजिंक्यपदही भरतं, म्हणून खरेदीदार या वयावर डोळा ठेवून असतात. पण ऑलिंपिकसाठी घोडा किमान नऊ वर्षांचा लागतो. एक मोसम थांबलात म्हणून दार बंद होत नाही.

आलेल्या किंमतीबद्दल स्वतःला एवढंच विचारा: हा घोडा आज तुमच्याकडे नसता आणि तेवढी रक्कम हातात असती, तर ती घालून तुम्ही हाच घोडा घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर विका. मात्र समोरच्याच्या पशुवैद्याची तपासणी आणि एक्स-रे पार पडेपर्यंत ते पैसे आपले समजू नका. दलाली वजा करायलाही विसरू नका. विक्रीत ट्रेनरचा काही टक्का आहे का, हे सरळ विचारा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

ठेवायचाच असेल, तर अर्धा हिस्सा विकण्याचा पर्याय मला सगळ्यात बरा वाटतो. मोसमाचा खर्च वाटला जाईल आणि कर्ज टळेल. उपचाराचा खर्च कोणी करायचा आणि कमीत कमी किती किंमतीला विकायचं, हे आधी कागदावर आणा. भागीदार मिळाला नाही, तर घरखर्चाच्या सहा महिन्यांच्या शिलकीला हात न लावता जेवढं उरतं, तेवढाच मोसमाचा निधी. त्यात 1.30 चे मोजके शो करा. निधी संपला की उरलेला मोसम 1.20 वर किंवा घरच्या सरावात काढा.

उंची वाढवण्याआधी विम्याची पॉलिसी काढून वाचा. मूळ पॉलिसीत बहुधा फक्त मृत्यूचं संरक्षण असतं. घोडा जिवंत पण उडीला कायमचा निकामी झाला, तर त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्याचा हप्ता चढा असतो. आधी झालेल्या दुखापतीचा पाय बहुधा त्यातून वगळलेला असतो, तेही तपासा.