'विकृत' नको, 'अनवट' चालेल: डीएनए-आरएनएच्या वेगळ्या घडणीसाठी शब्द

प्रश्न: मी बडोद्यात महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकते. घरी मराठी, बाहेर गुजराती, वर्गात इंग्रजी. आमच्या मंडळाच्या अंकासाठी डीएनए आणि आरएनएच्या 'अनयूज्वल स्ट्रक्चर्स'वर लेख लिहिते आहे. मी 'विकृत रचना' लिहिलं, संपादक काकांनी 'असामान्य' केलं. बरोबर काय? आणि जनुकांचं 'नियंत्रण' म्हणायचं की 'नियमन'?

उत्तर: 'विकृत' आधी काढून टाका. पॅथॉलॉजीला आपण विकृतिशास्त्र म्हणतो, त्यामुळे हा शब्द वाचला की आजारच डोळ्यांपुढे येतो. तुमच्या लेखातल्या रचना बिघाडाच्या नाहीत, त्या निरोगी पेशीच्या रोजच्या कामातल्या आहेत. 'विकृत' राखून ठेवा ते खऱ्या बिघाडासाठी. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या काही रुग्णांत सी९ऑर्फ७२ या जनुकात जीजीजीजीसीसी ही डीएनएची सहा अक्षरं शेकडो वेळा पुन्हापुन्हा येतात. तिथे 'विकृती' म्हटलं तर कोणाची हरकत नसावी.

काकांचा 'असामान्य' चुकीचा नाही, पण मराठीत तो कौतुकाकडे झुकतो: असामान्य बुद्धी, असामान्य धैर्य. 'अपारंपरिक' ऊर्जावाल्यांनी आधीच नेला आहे.

मी 'अनवट' सुचवेन. अनवट म्हणजे फारशी न मळलेली वाट. गाण्यातला अनवट राग बेसूर नसतो, क्वचित कानावर पडतो एवढंच, आणि नेमकं हेच तुम्हाला सांगायचं आहे. पायाच्या अंगठ्यातल्या दागिन्यालाही अनवट म्हणत, पण या संदर्भात तो अर्थ आड येणार नाही.

आता एकेक रचना. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेला डीएनए उजव्या पिळाचा. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने डीएनएच्या छोट्या तुकड्याचे स्फटिक तपासले, तर पीळ निघाला डावा! त्याचा कणा नागमोडी, झिगझॅग जातो म्हणून तो झेड-डीएनए. इथे 'सर्पिल' लिहू नका, 'पीळ'च लिहा, कारण पुढची गोष्ट सांगायला लागणारी क्रियापदं त्याच शब्दासोबत येतात. जनुकाची आरएनए-नक्कल करणारं एन्झाइम डीएनएवरून पुढे सरकतं तेव्हा त्याच्या पुढचा पीळ घट्ट होतो आणि मागचा सैल पडतो. या सैल पडलेल्या भागात, अक्षरांचा क्रम जुळत असेल तर, डावा पीळ बसू शकतो. म्हणजे जनुक कामाला लागल्याची खूण डीएनएच्या आकारातही उमटते.

जी-क्वाड्रुप्लेक्ससाठी 'चौपदरी' घ्या. चार ग्वानिन (डीएनएच्या अक्षरांतला 'जी') एका पातळीत चौकोन करून बसतात, असे चौकोन एकावर एक रचले जातात आणि मधोमध पोटॅशियमचा आयन त्यांना धरून ठेवतो. ग्वानिनचा हा चौकोन १९६२ साली कळला होता, पण माणसाच्या पेशीत या चौपदरी रचना प्रतिपिंडाने उजळवून दाखवल्या त्या २०१३ मध्ये, केंब्रिजला शंकर बालसुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेने. 'पदर' मला इथे फार आवडतो. एकच दोरा चारदा फिरवला तरी चार पदर होतात, आणि ही रचनाही कधी चार वेगळ्या साखळ्यांची असते, कधी एकाच साखळीच्या घडीची. 'चतुःसर्पिल'मधून हे समजणार नाही.

'नियंत्रण' की 'नियमन'? इथे माझं मत ठाम आहे: नियमन. नियंत्रणाला आवर घालण्याचा वास आहे. सीमिक या जनुकाच्या सुरुवातीची चौपदरी रचना त्याचं काम दाबते हे खरं, पण दुसरीकडे भरपूर नकला होत असलेल्या जनुकांपाशीही अशा रचना सापडतात. आरएनएमध्ये तर हे फार सुंदर दिसतं. तिथे एकच साखळी स्वतःवर दुमडते, म्हणून 'घडी' म्हणा. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या एका आरएनएला ग्वानिन येऊन चिकटलं की घडी बदलते आणि जनुक थांबतं, दुसऱ्या एका आरएनएला ॲडेनिन चिकटलं की जनुक चालू होतं. ही झाली रायबोस्विचं. लिस्टेरिया या जिवाणूत तर तापमानच पुरतं: थंडीत आरएनएची घडी प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची जागा झाकून ठेवते, आणि ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीरात शिरल्यावर, ती उलगडते आणि रोग घडवणारी जनुकं चालू करणारं प्रथिन तयार होऊ लागतं. थांबवणं आणि चालू करणं दोन्ही ज्यात मावतं ते नियमन.

आरएनएची साखळी केसांच्या पिनेसारखी दुमडते त्या हेअरपिनला 'आकडा' म्हणायचा मोह होईल, घरात तोच शब्द आहे. पण आकडा म्हणजे संख्याही, वाचक अडखळेल, तेव्हा 'हेअरपिन घडी' ठेवा. रायबोस्विचही तसाच राहू दे, स्विच केव्हाच मराठी झाला आहे.

सगळं मराठी करायचा अट्टहास नको, पण एका शब्दाला पर्याय सुचवून थांबूही नका. १९३१ साली आपल्या बडोद्यातच 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, त्यात कारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, संस्कृत आणि इतर भाषांतले पर्याय शेजारीशेजारी मांडले आहेत. तुम्हीही लेखाच्या शेवटी 'पीळ', 'पदर', 'घडी' यांच्यापुढे तुमच्या वर्गातले शब्द देवनागरीत द्या.

आणि 'चौपदरी'च्या आधीचा 'जी' मात्र गाळू नका. १९९३ मध्ये उजेडात आलेला आय-मोटिफही चौपदरीच आहे, फक्त तो सायटोसिनचा, म्हणजे 'सी' या अक्षराचा. नुसतं 'चौपदरी' लिहिलंत तर दोन्ही एकच वाटतील.