दिवेआगर ते रत्नागिरी सायकलने, आणि गाड्या कुठे जातात त्याबद्दल

तुमचा प्रश्न वाचला. बहिणीचे युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या पासाउ ते व्हिएन्ना सायकलप्रवासाचे फोटो बघून तुम्ही विचारलंय, असा गाड्या नसलेला, गावागावांतून जाणारा पाच-सहा दिवसांचा रस्ता आपल्याकडे आहे का. तुम्ही दोघं पन्नाशीपुढचे, पुण्यात रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवता, आणि ट्रकची भीती वाटते.

तसाच हवा असेल तर नाही. डॅन्यूबकाठची ती वाट मुळात घोड्यांची. वाफेच्या बोटी येण्याआधी घोडे काठाकाठाने चालत दोरखंडाने होड्या प्रवाहाच्या उलट ओढायचे, आणि पुढे ती वाट आयतीच सायकलवाल्यांना मिळाली. आपल्याकडे अशी राखलेली सलग वाट नाही. त्यामुळे सायकलचा वेगळा मार्ग शोधत बसू नका. ज्या रस्त्यावर गाड्यांना यायचं कारणच नाही असा रस्ता शोधा. माझ्या पाहण्यातला तसा सगळ्यात लांब पट्टा कोकण किनाऱ्याचा. मी तो चारदा केलाय, दोनदा पूर्ण रेडीपर्यंत आणि दोनदा तुकड्यांत.

नकाशा उघडा. मुंबई-गोवा महामार्ग माणगाव, महाड, खेड, चिपळूण असा किनारा सोडून बराच आतून जातो. किनाऱ्यावर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्या रस्ता दर थोड्या अंतरावर कापतात. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला फेरीने दहा मिनिटं लागतात. फेरी नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला यायला शंभरावर किलोमीटर पडतात. ज्याला माल पोचवायचाय तो फेरीच्या रांगेत बसत नाही, महामार्गच धरतो. मग किनाऱ्यावर उरतात एस्टी, गावातल्या रिक्षा, मच्छीचे टेम्पो आणि शनिवार-रविवारचे पर्यटक. म्हणजे तुम्हाला हवी असलेली शांतता या खाड्यांच्या जिवावर आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. बाणकोटच्या खाडीत मी गेलो तेव्हा अर्धवट पुलाचे खांब नुसतेच उभे होते. फेरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "पूल झालो की आमका बरां, तुमका वाईट." तो मालवणकडचा, पोराकडे आलेला. तेव्हा जायचं तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तुमच्यासाठी मी अलिबाग-काशीद-मुरूड हा भाग गाळतो. रस्ता देखणा आहे, पण मुंबईच्या गाड्या मांडव्याला उतरतात त्या इथेच ओतल्या जातात. दिवेआगरपासून सुरू करा. पुण्याहून ताम्हिणीतून एखादा पिकअप करून सायकली टाका आणि शुक्रवारी रात्री दिवेआगरला पोचा. हो, शुक्रवारी. शनिवारी सगळे समुद्रावर पडलेले असतात, सकाळी सातला रस्ता रिकामाच मिळतो. ख्रिसमस ते एक जानेवारी, गणपती आणि शिमगा मात्र टाळा. शिमग्यात गाड्यांपेक्षा रस्त्यात आडवी दोरी धरून पोस्त मागणारी पोरं जास्त अडवतात, आणि सायकलवाल्यालाही सोडत नाहीत.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा पट्टा बहिणीला फोटो पाठवायला उत्तम. आरावी, कोंडविल, एका हाताला डोंगर आणि एका हाताला थेट समुद्र. इथे घाई करू नका, पहिला दिवस हरिहरेश्वरलाच संपवा, चाळीसच्या आसपास होतील. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरी घेऊन वेश्वीला उतरायचं, बाणकोटवरून वेळास (नाना फडणवीसांचं गाव, आणि कासवांचं), पुढे केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. पाडल्याच्या आसपास रस्ता पुळणीला इतका लागून आहे की वाळू उडून डांबरावर येते. तिथे पुढचा ब्रेक जपून. तिसरा दिवस हर्णै, मुरूड (हे दापोलीजवळचं, वर गाळलेलं नव्हे), कर्दे, लाडघर करत कोळथरेपर्यंत. चौथा दाभोळची फेरी आणि गुहागर, मुद्दाम छोटा ठेवलाय, का ते पुढे कळेल. पाचवा वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगडची फेरी आणि मालगुंड. सहावा आरे-वारे करत रत्नागिरी. केशवसुतांचं स्मारक मालगुंडातच आहे, मुक्काम तिथेच करा, गणपतीपुळ्यात नको. आणि त्या आठवड्यात अंगारकी येत नाही ना, हे कॅलेंडरवर बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

आता चढ. सपाट किनारा असेल असं समजून जे येतात ते दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली बसलेले सापडतात. गाव खाडीच्या पातळीला, माडाच्या आगरात. गावातून बाहेर पडलात की रस्ता सड्यावर चढतो, म्हणजे शे-दीडशे मीटर, आणि चढही अंगावर येणारा. वर जांभ्याचं उघडं कातळ, सावलीला झुडूपही नाही. दोन-चार किलोमीटर सपाट, की पुन्हा पुढच्या खाडीत घसरगुंडी. दिवसातून हे चार-पाच वेळा. पन्नास किलोमीटरच्या दिवसात पाचशे-सातशे मीटर चढ सहज जमा होतो. पुण्यातल्या तुमच्या रोजच्या फेरीत हा सराव होत नसणार. निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आणि जमेल तेवढा घाट करा, सामान लादून.

चढावर उतरून ढकलायला लाजू नका. मी ढकलतो. चौथ्या वेळी तर ठरवूनच ढकलत गेलो, कारण जानेवारीत आंब्याला मोहोर असतो आणि ताशी चार किलोमीटरला तो वास नाकात राहतो. दोन कलमांच्या बागांमधून जाताना मधमाश्यांचा आवाज आपल्या श्वासापेक्षा मोठा ऐकू येतो. काजूचा मोहोर वेगळा, थोडा उग्र, तो वरच्या उघड्या उतारावर येतो. आधी सायकल चालवत गेलो तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं.

दाभोळचा दिवस छोटा का, तर जेट्टीमुळे. ओहोटीला धक्क्याचा उतार पार खालपर्यंत उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि मच्छीच्या टोपल्यांचं पाणी सांडलेलं असतं. पहिल्या खेपेला मी घाईत, फेरी सुटतेय म्हणून सायकलवर बसूनच खाली गेलो. पुढचं चाक गेलं, मी पॅनियरसकट (सायकलला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या) फेरीच्या फळीपर्यंत घसरत आलो. कोपर सोललं, मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकलं. एका कोळणीने टोपली न उतरवता वरूनच विचारलं, "लागलं काय रे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. वाकलेलं डिरेलर हाताने सरळ करून गुहागरपर्यंत मला दोनच गिअर होते. तेव्हा उतरा, सायकल हाताने न्या, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर काढून चपला घाला. फेरी चुकली तर दुसरी येते. काठावरची जुनी मशीद बघा, दाभोळ एके काळी केवढं बंदर होतं ते ती बघून थोडंफार कळतं. शेवटची फेरी किती वाजता ते मात्र आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा, इंटरनेटवरच्या वेळांवर जाऊ नका.

राहण्याजेवणाचं फार लिहीत नाही, घरगुती सोय प्रत्येक गावात आहे. फक्त जेवण आधी सांगावं लागतं. दुपारी दोनला सायकलवरून उतरून "काय आहे?" विचारलंत तर सोलकढीसुद्धा संपलेली असते. सड्यावर टपरी मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर पाणी घ्या. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी मध्य एवढाच काळ. मार्चमध्ये दुपारी कातळ खालून भाजतो.

ट्रॅफिकचं शेवटचं. या रस्त्यावर गाड्या अजिबात नाहीत असं नाही. जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प आहे, त्याचे ट्रक निवळीच्या रस्त्याने महामार्गाला जातात. जयगडहून बाहेर पडताना थोडा वेळ ते सोबत असतात, मालगुंडचा फाटा घेतला की सुटका. रत्नागिरी शहरात शिरताना तर आपण नेहमीच्या जगात परत. एस्टीच्या ड्रायव्हरांबद्दल मात्र माझा अनुभव चांगला आहे. वळणावर हॉर्न देतात, तो शिव्या म्हणून नसतो, "मी आलोय, आत राहा" एवढाच. तुम्ही डावीकडे घेऊन हात दाखवा.

परतीला कोकण रेल्वे. सायकली पार्सल ऑफिसात बुक कराव्या लागतात, गाडीच्या निदान दोन तास आधी पोचा. एका स्टेशनवर माझी सायकल बुक झाली आणि गाडीत चढवायची राहिली, चार दिवसांनी मिळाली. तेव्हापासून मी पुढचं चाक काढून कव्हरमध्ये गुंडाळतो, सीटखाली सरकवायचा प्रयत्न करतो आणि टीसीशी गोड बोलतो. दोघांच्या दोन सायकली असतील तर सरळ रत्नागिरीहूनही पिकअप करा, मनस्ताप वाचेल.

तुमच्या यजमानांची रोड बाईक आहे असं लिहिलंय. २५ मिमीच्या टायरवर हा रस्ता करू नका, खडी आणि जांभ्याची बारीक चूर दोन्ही आहे. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये ३२चा टायर बसतो का ते एकदा मोजून बघा, मागच्या कॅसेटमधल्या (गिअरच्या चकत्यांचा संच) सगळ्यात मोठ्या चकतीला किती दात आहेत तेही मोजा आणि इथेच लिहा. २८च्या आत दात असतील तर कॅसेट बदलावी लागेल, पण डिरेलर ती झेपेल का ते मॉडेल कळल्याशिवाय सांगता येणार नाही.