पहिल्या पाण्याचा रंग

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न: काका, सलाम. माझे पती टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. दिवाळीनंतर कारखाना बंद पडला. आता ते एका गोदामावर रात्रपाळीला बसतात, पगार निम्मा. त्यात सासूबाईंना साखर, पायाची जखम भरत नाही, रोजचं ड्रेसिंग मीच करते. मी बारा वर्षं शब्बाथशाळा घेतली, म्हणजे मंडळीतल्या मुलांना शास्त्र शिकवलं. आता मी सासूबाईंवर ओरडते. परवा उधारीसाठी किराणा दुकानदार दारात आला, तेव्हा मुलाला सांगायला लावलं की आई घरात नाही. दोन महिने उपासनेला गेले नाही, आणि प्रार्थनेला बसले की राग येतो. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, घरी येऊन बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून गेले. म्हणाले, संकटातच ख्रिस्ती माणसाचं खरं रूप बाहेर पडतं. तेव्हापासून झोप नाही. हेच माझं खरं रूप का? बारा वर्षं शिकवलं ते ढोंग होतं का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर: वय चौतीस लिहिलंयस. माझी धाकटी तुझ्याएवढी आहे, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

आधी दुकानदाराचं बघू. सासूवर ओरडलीस ते समजतं. जखम धुणाऱ्या माणसाच्या नाकाला आणि पाठीला काय होतं, हे नुसतं भेटायला येणाऱ्याला कळत नाही. पण पोराच्या तोंडून खोटं वदवलंस, ते मला टोचलं. येत्या शनिवारी त्याला बरोबर घेऊन दुकानात जा. शंभर असोत, दोनशे असोत, जे जमतील ते दे आणि त्याच्यासमोरच सांग, त्या दिवशी मी घरात होते. दुकानदाराला ते आधीच ठाऊक असणार. ऐकायचंय ते पोराला.

आता खरं रूप. सोलापुरात गिरणीच्या रंगखात्यात मी एकोणीस वर्षं काढली. माझं शिक्षण तेवढंच, म्हणून तिथलंच सांगतो. व्हॅटचा रंग, म्हणजे निळीच्या जातीचा पक्का रंग, नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं लागतात. त्या टाकीत सुताची लड बुडवली की ती भलत्याच रंगाची दिसते. निळीचंच घे. लड वर काढली की पिवळट हिरवी. दांडीवर टांगून वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होत जाते. नवीन पोरगं असलं की हमखास ओरडायचं, मास्तर, रंग चुकला! मास्तर म्हणायचे, वारा लागू दे की जरा.

पुढे ती लड साबणाच्या उकळत्या पाण्यात जायची. ते पहिलं पाणी असं रंगायचं की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. वाटायचं, गेला सगळा रंग, माल कच्चा निघाला. पण तो सुताच्या बाहेर नुसता चिकटलेला रंग असतो. पक्क्यातल्या पक्क्या रंगाचंही पहिलं पाणी रंगतंच. दुसरं कमी, तिसरं आणखी फिकं. मग लड वाळवायची आणि दारात उजेडाला नेऊन नमुन्याशी लावून बघायची, ट्यूबखाली नाही. आमच्या मास्तरांनी पहिल्या पाण्यावरून एक लड कधी नापास केली नाही. कच्चा रंग तिसऱ्या-चौथ्या पाण्यालाही सुटत राहतो, तेव्हा कुणाला विचारायची गरजच पडत नाही.

तुझं पहिलं पाणी चाललंय. त्यावरून तूही निकाल देऊ नकोस, आणि त्या वडिलांनीही द्यायला नको होता.

माझं सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला. आज सुरू होईल, उद्या होईल करत आम्ही फाटकापाशी जाऊन उभे राहायचो. घरात तीन पोरं. देवळाच्या नव्या पत्र्यांसाठी जमवलेले मंडळीचे पैसे तेव्हा माझ्याकडे असायचे. त्यातले चारशे रुपये मी उचलले. वहीत लिहिले नाहीत. दर रविवारी पुढच्या बाकावर बसून मी मोठ्याने गात होतो, हे मुद्दाम सांगतो.

हिने शेजारच्या तेलुगू बाईंकडून विड्या वळायला शिकून घेतलं होतं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटांची टोकं पिवळी. नीट वळली नाही म्हणून कारखान्यात विडी बाजूला काढली की तिचे पैसे नाहीत. ही काही साध्वी नव्हे. पाणी पाच दिवसांनी यायचं, तेही पहाटे, तेव्हा घागरी आपटत म्हणायची, "प्रभू बघतोय, कबूल, पण पाणी मला भरावं लागतं." एके रात्री तिने वही पाहिली. बेरीज तिला माझ्यापेक्षा बरी येते. बोलली काहीच नाही. सहा-सात आठवडे मजुरीतले थोडे थोडे एका पाकिटात टाकत गेली आणि चारशे झाल्यावर पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "पाळकसाहेबांकडे तुम्ही जायचं. मी नाही जाणार."

गेलो. पाळकसाहेबांनी पैसे मोजले, तारीख घालून पावती फाडली आणि चहा पाजला. मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी कापणीच्या उपासनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर हाक मारली, "इकडे या, दान मोजायला बसा." हात इतके कापत होते की नाणी खाली सांडली. आता तू सांग, माझं खरं रूप कोणतं होतं? वही लपवणारं की नाणी सांडणारं? मला विचारशील तर दोन्ही माझीच होती, पण टिकली कोणती, ते कळायला दीड वर्ष गेलं.

आता ते वचन परत काढ. रोम ५, ओव्या ३ आणि ४. संकटातून धीर येतो, धीरातून शील आणि शीलातून आशा, असा पौलाचा क्रम आहे. वडिलांनी संकटावरून थेट शिलावर उडी मारली आणि मधला धीर गाळला. मराठी शास्त्रात जिथे शील आहे तिथे ग्रीकमध्ये दोकिमे हा शब्द आहे, म्हणजे पारखून खरं उतरलेलं. आणि पारख दोन महिन्यांत उरकत नाही. शील तुझ्यात आधीच तयार होतं आणि संकटाने फक्त झाकण उघडलं, असं पौल म्हणत नाही. ते तिथे घडायचं असतं.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा अठराव्या अध्यायात, महायाजकाच्या वाड्यात. थंडी होती म्हणून पेत्र तिथे शेकत उभा राहिला आणि 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणून मोकळा झाला. ते त्याचं पहिलं पाणी. दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात, समुद्राच्या काठी. तो विस्तव प्रभूनेच पेटवलेला, त्यावर मासे. तीनदा नाकारलं म्हणून तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं पाळ. आमच्या पाळकसाहेबांनी हा अध्याय चांगला वाचला असणार.

प्रार्थनेत राग येतो म्हणतेस. येऊ दे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, रात्री सगळे झोपल्यावर. ते अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही नाही. तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. शब्बाथशाळेत आपण ते शिकवत नाही, ही आपली चूक.

पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तुला माहीत असेलच. बाईंची आपण तसबीर करून टाकली आहे. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली आणायला त्या मध्य प्रांतात गेल्या, कारण उपाशी पोट म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बाईला इतकी वर्षं लागली, आणि तुझा हिशोब दोन महिन्यांत लावायचा?

ढोंगाचं म्हणशील तर ढोंगी माणसाची झोप उडत नाही. मला त्या वर्षी छान झोप लागत होती.

शब्बाथशाळा सध्या दुसऱ्या कुणाला दे. येत्या रविवारी मागच्या बाकावर बस, गाऊ नकोस, नुसती बस. आणि सासूबाईंचं ड्रेसिंग आठवड्यातून दोन दिवस तरी नवऱ्याला करू दे. रात्रपाळी करून आलेला असला तरी आई त्याची आहे.

प्रश्न: शेजारच्या घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. ते ख्रिस्ती नाहीत. भेटायला जाऊन काय बोलावं? कोणतं वचन सांगावं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: कोणतंच नाही. बायबलातल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय बिघडले.

त्या घरात चार दिवस चूल धड पेटणार नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. टिकते, गरम करावी लागत नाही, पाहुणे आले तरी पुरते. बसा, आणि बाप मुलाबद्दल बोलू लागला तर ऐका. मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका. लोक नाव टाळतात, आणि आईला तेच जास्त लागतं. आणि डबा स्टीलचा असला तर परत आणायची घाई करू नका. पंधरा दिवसांनी डबा न्यायला म्हणून जा, तेव्हा त्यांच्याकडे येणारं दुसरं कुणी नसेल.