नवा रंग, जुना टिपर : वाचकांचे प्रश्न

जुना छोटा टिपर, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारा ट्रक, घ्यावा का, असं विचारणारी बरीच पत्रं साठली होती. त्यातली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, पण प्रश्नांना हात लावलेला नाही.

प्रश्न : घराच्या कामाची माती, खडी आणि बागेसाठी खत, एवढंच वाहायचं आहे. वर्षाला वीसेक दिवसांचं काम. 22 वर्षांचा एक टिपर स्वस्तात मिळतोय. भाडं भरत बसण्यापेक्षा घेऊनच टाकू का?

नका घेऊ. वीस दिवस चालणारा टिपर उरलेले 345 दिवस उभा असतो, आणि उभी गाडी फुकट राहत नाही. बॅटरी उतरते. ब्रेकचे व्हील सिलिंडर अडकतात. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा निथळून डिझेलखाली पाणी साठतं. रबरी सील कोरडी पडतात. मग नेमकी खडी आणायची त्या सकाळी गाडी सुरू होत नाही आणि मजूर सावली धरून बसतात. तो एक दिवस हिशेबात धरला की स्वस्ताई संपली.

अपवाद एकच. तुम्हाला स्वतःला पाना धरता येतो, गाडी उभी करायला छप्पर आहे आणि आजचं काम आठवड्याने झालं तरी कुणाचं अडत नाही, तर जरूर घ्या. अशा माणसाला जुना टिपर म्हणजे झकास खेळणं. हे चेष्टेने म्हणत नाही, माझ्याकडेही एक होतं. दारात ट्रॅक्टर असेल तर मात्र आधी हायड्रॉलिक ट्रॉली बघा. तिला ना इंजिन, ना गिअरबॉक्स. बिघडायला फारसं काही नाहीच.

प्रश्न : विकणारा म्हणतो इंजिन नुकतंच बांधलंय. किल्ली फिरवली की लगेच सुरू होतं, आवाजही छान आहे. चासी, बॉडी सगळं नव्या रंगात आहे. आणखी काही बघायला हवं का?

अजून तुम्ही काहीच बघितलेलं नाही. इंजिन पैसे टाकले की पुन्हा बांधून मिळतं. तुटायला आलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तशी मिळत नाही, आणि टिपरची सगळी मारहाण चासीच सोसते. हौदा वर जाताना मालासकट सगळा भार मागच्या बिजागरीवर आणि हौदा उचलणाऱ्या जॅकच्या पायाशी एकवटतो. साध्या ट्रकला हे कधी सोसावं लागत नाही.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली जा. सोबत जुनी चादर, टॉर्च, तारेचा ब्रश आणि लहान हातोडी न्या. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर, बिजागरीची जागा, क्रॉस मेंबरचे म्हणजे चासीच्या आडव्या दांड्यांचे रिव्हेट आणि केबिनच्या लगेच मागचा भाग नीट बघा. चीर सुरू होते ती बहुतेक याच जागी. रिव्हेट ढिलं झालं असेल तर त्याभोवती गंजाची बारीक भुकटी दिसते. जिथे दांड्याला दुसरा दांडा जोडून चासी दुहेरी केलेली असते, तिथे दोन पत्र्यांच्या मधला गंज फुगून पत्रे विलग झालेत का तेही बघा. हातोडीने टकटक करत पुढे सरका. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं.

वेल्डिंग दिसलं तर ते कुठे आहे याला महत्त्व आहे. चासीचा दांडा आडव्या ठेवलेल्या पन्हाळीसारखा असतो. सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो, मधल्या उभ्या पत्र्यावर कमी. उभ्या पत्र्यावर नीट बोल्ट मारून बसवलेली पट्टी असेल तर चौकशी करा, कदाचित चालेल. पण खालच्या पट्टीला आडवं वेल्डिंग किंवा नंतर पाडलेलं भोक दिसलं तर ती गाडी सोडून द्या.

माझ्या पहिल्या टिपरची चासी काळ्या रंगाने चकचकीत होती आणि मी त्या रंगावरच भुललो. गाडी दोनदा धुतल्यावर डाव्या हँगरशेजारी केसाएवढी तांबडी रेघ उमटली. बोटाने पुसली की जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ब्रशने घासलं तेव्हा रंगाखाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या कडेने नवी चीर. तेव्हापासून केबिनचा नवा रंग मी हौस समजतो, चासीला नवा रंग दिसला की मात्र ब्रश काढतो.

आता इंजिन. तिथे पोचल्यावर आधी त्यावर हात ठेवा. कोमट लागलं तर ते तुमच्यासाठी तापवून ठेवलंय. थंड सकाळी पुन्हा या. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून धुराचे जोरदार भपके आले तर पिस्टनच्या रिंगा आणि लाइनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, घासलेले आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर पाणी आत जातंय किंवा डिझेल न जळताच बाहेर पडतंय. आणि ‘इंजिन बांधलंय’ म्हणजे नेमकं काय केलंय? नुसते लाइनर-पिस्टन टाकले की क्रँकही, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडाही, घासून घेतला? बिलं मागा.

प्रश्न : हौदा अर्ध्यापर्यंत जातो आणि थांबतो. ‘ऑइल कमी आहे, टाकलं की झालं,’ असं मालक म्हणतात. खरं असेल का?

असूही शकतं. पंप जॅकमध्ये ऑइल ढकलतो तेव्हा हौदा उचलला जातो. ऑइल कमी असेल तर हौदा दर वेळी साधारण त्याच उंचीवर अडतो, कारण तिथे टाकी रिकामी होते, आणि हवा ओढत पंप कण्हू लागतो. मग तुमच्यासमोरच ऑइल टाकायला सांगा, त्यात अडचण काय? बाहेर आलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. थंडपणी बरा चालणारा हौदा गरम झाल्यावर रेंगाळत असेल, तर संशय पंपावर घ्या. पीटीओचा (इंजिनचा जोर पंपाला देणाऱ्या जोडणीचा) लिव्हर तसाच लावून गाडी पळवली की पंप असाच मरतो.

दुसरी परीक्षा जास्त बोलकी आहे. थोडा माल भरा, हौदा अर्ध्यावर नेऊन इंजिन बंद करा. चासीपासून हौद्याच्या पुढच्या कडेची उंची टेपने मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. किंचित फरक चालेल. नजरेला दिसेल इतका खाली आला आणि जॅकची दांडी ऑइलने ओली असेल तर सील गेलंय. दांडी कोरडी असेल तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. दांडीवरून नख फिरवा. नख खड्ड्यांत अडकलं तर सील कितीही नवं टाका, ते फाटणारच.

हे करताना उचललेल्या हौद्याखाली डोकंच काय, हातही घालू नका. वाकून बघायचंच असेल तर हौदा रिकामा हवा आणि त्याला लोखंडी टेकू लावलेला हवा. पाइप फुटला तर हौदा खाली यायला क्षणभरही लागत नाही.

प्रश्न : हौदा 3 घनमीटरचा आहे आणि गाडी साडेतीन टन मालाची. म्हणजे हौदा भरून वाळू आणता येईल ना?

नाही येणार. कोरडी वाळू घनमीटरला साधारण 1.6 टन भरते, ओली 1.9 टनांच्या आसपास. हौदा भरला तर कोरडीचे 4.8 टन होतात, ओलीचे 5.7. तुमचे साडेतीन टन ओल्या वाळूने 1.8 घनमीटरलाच संपले. ब्रासमध्ये बोलायचं तर 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर, ओल्या वाळूचा एक ब्रास तुमच्या गाडीचा नाहीच. हौदा भरायचाच असेल तर सुकं शेणखत किंवा पालापाचोळा भरा.

शिवाय ‘साडेतीन टन’ हा आकडा नव्या गाडीचा. इतक्या वर्षांत हौद्याला तळाशी पत्रा ठोकलेला असतो, बाजूंना फळ्या चढवलेल्या असतात, मागचा फाळका बदललेला असतो. डिझेलची टाकी भरून, पण मालाविना, गाडी एकदा वजनकाट्यावर चढवा. कागदावरच्या एकूण वजनमर्यादेतून तो आकडा वजा करा. उरेल तेवढाच माल तुमचा.

आधीच्या मालकाने हा हिशेब केला होता का, तेही गाडीच सांगते. पाट्यांत मागाहून घातलेला जाडा पाटा, एका बाजूला कललेला हौदा, अॅक्सल हाउसिंगवरचं (अॅक्सलच्या कवचावरचं) वेल्डिंग यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर उत्तर मिळालं म्हणून समजा.

प्रश्न : मीटरवर फक्त 80 हजार किलोमीटर आहेत. विश्वास ठेवू का?

आकडा खरा असला तरी फारसा उपयोगाचा नाही. टिपर जागेवर उभा राहून इंजिन चालवतो, हौदा उचलतो, रांगेत धुगधुगत राहतो. त्याचे किलोमीटर मोजले जात नाहीत. क्लच पेडलचं रबर, सीटची कड, दाराची बिजागरी आणि स्टिअरिंगवर हाताने आलेली चकाकी बघा.

प्रश्न : चालवून बघायला दहाच मिनिटं देतो, असं मालक म्हणतात. काय काय करू?

पाच मिनिटं गाडी न हलवताच घालवा. ब्रेक पेडल दाबून एक मिनिट तसंच धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळतंय, बहुधा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग. एअर ब्रेक असेल तर हवेची टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि दाबाचा काटा किती उतरतो ते बघा. हवा सुटल्याची फुसफुस कानावर आली तर ती शोधून काढा. टायरच्या बाजूला चार अंकांचा शिक्का असतो: 2318 म्हणजे 2018 सालच्या 23 व्या आठवड्यातला. गोटा झालेला टायर कुणालाही दिसतो, पण म्हातारा टायर खाच चांगली असूनही फुटतो. मागच्या जोडटायरांत आतला टायर बसलेला तर नाही ना, आणि मधे दगड अडकलाय का, हे वाकून बघा.

मग चालवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन एकदम पाय काढा. गिअर आपोआप सुटतो का? चढावर हँडब्रेक लावून पायाचा ब्रेक सोडून बघा. थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक घासत राहतोय. एकच गार असेल तर तो लागतच नाही.

शेवटचं मिनिट चासीवर ठोकलेल्या नंबरासाठी ठेवा आणि तो कागदाशी एकेक अंक करत ताडून बघा. अंक घासून पुन्हा ठोकल्यासारखे वाटले तर किल्ली परत द्या आणि निघा. तिथे भाव करत बसण्यात अर्थ नाही.