गच्चीवरच्या टोमॅटो-दोडक्याला आधार कशाचा द्यावा?

कोथरूडच्या गच्चीवर टोमॅटो आणि दोडका लावलाय, घरात जुन्या दाराच्या पट्ट्या, पीव्हीसी पाइप आणि गंजक्या सळ्या पडून आहेत, त्यातलं काय लावलं तर भाजीत काही उतरणार नाही, असं तुम्ही विचारलंय.

दाराच्या पट्ट्या अजिबात नकोत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. पट्टी रोज भिजते, तापते, रंगाचे पोपडे सुटून कुंडीत पडतात. टोमॅटोच्या फळात शिसं फारसं चढत नाही, पण त्याच कुंडीच्या कडेला आपण कोथिंबीर, मुळा टाकतोच ना! पाल्याला आणि मुळ्याला चिकटलेली माती पोटात जाते, आणि एकदा मातीत मिसळलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथंच राहतं. घरात लहान मूल असेल तर याची मला खरंच काळजी वाटते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही याच कारणासाठी टाळा, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकावं म्हणून मारलेलं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं.

सळईच्या गंजाने झाडाचं काही बिघडत नाही. फक्त वरच्या टोकाला बाटलीचं बूच घट्ट बसवा, वाकताना डोळ्याला लागतं. एप्रिलच्या उन्हात सळई चटका बसेल इतकी तापते, म्हणून तिला सुतळी गुंडाळा. पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतो, मी तो लावत नाही.

माझी पसंती बांबूला. बुरूड आळीत भरीव काठ्या मागा, 'औषध मारलंय का' हे विचारून घ्या, मारलं असेल तर ती काठी नको. बारीक भोकं आणि पिवळसर भुकटी दिसली तर भुंगा लागलाय, ती काठी परत करा. काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. रस्त्याच्या दुभाजकावर छाटून टाकलेल्या कण्हेरीच्या काठ्या सरळ दिसतात म्हणून उचलू नका, कण्हेर सगळीच्या सगळी विषारी.

बांधायला सुतळी, काथ्या किंवा जुन्या सुती साडीच्या चिंध्या. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास घ्या, काठीकडे घट्ट आणि खोडाकडे बोट जाईल इतका सैल. नायलॉनची दोरी वाऱ्यात खोडाला कापत जाते.

दोडक्याला एकटी काठी पुरत नाही, चार बांबूंचा मांडव करा आणि पावसाळी वारं सुरू व्हायच्या आत तो गच्चीच्या कठड्याला दोन बाजूंनी बांधून टाका.